पाकिटात नसलेली पिन

२००३ सालच्या नोव्हेंबरात, एका रविवारी दुपारी, हवाई दलात विमानांच्या देखभालीचं काम पाहणारे स्क्वाड्रन लीडर पाटणकर यांनी चंडीगडमधल्या आपल्या सरकारी घराच्या अंगणात मुलाच्या मोटरसायकलला स्वतःच्या हाताने सेंटर स्टँड बसवला. सोमवारी सकाळी मुलगा, निखिल, ती मोटरसायकल घेऊन मोहालीला गेला. तो गेल्यानंतर पाटणकरांनी स्टँड बनवणाऱ्या कंपनीला तक्रारीचा फोन केला. तो फोन मी उचलला.

फोन उचलणं हे माझं काम होतं. त्याआधी बरीच वर्षं मी चंडीगडच्या एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर होतो. दुसऱ्यांच्या बातम्या छाटणं, मथळे देणं, चुका काढणं. डेस्क आटत गेलं तेव्हा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदाराने बोलावलं. सुरिंदरजी त्यांचं नाव. मोटरसायकलला लागणारे जोडभाग बनवायचे. त्यांना हिंदी आणि इंग्रजीत माहितीपत्रकं लिहिणारा माणूस हवा होता. पत्रक लिहिणाऱ्यानेच गिऱ्हाइकांचे फोनही घ्यावेत, ही त्यांची नंतरची कल्पना. पत्रक लिहिणं हे आठवड्याचं काम निघालं. फोन आयुष्यभराचे.

बाहेरच्यांसाठी धंदा थोडक्यात सांगतो. मोटरसायकलला दोन स्टँड असतात. साइड स्टँडवर गाडी एका बाजूला कलून उभी राहते. सेंटर स्टँड, ज्याला चंडीगडात सगळे डबल स्टँड म्हणत, गाडीच्या पोटाखाली असतो. त्यावर गाडी सरळ उभी राहते आणि मागचं चाक जमिनीवरून सुटतं. चेनला तेल घालायला, पंक्चर काढायला, दाटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावायला तोच लागतो. परवाने-कोट्यांचा काळ संपल्यावर बाजारात नवनव्या गाड्या आल्या. त्यातल्या काही मॉडेलांना कंपन्यांनी सेंटर स्टँड द्यायचंच सोडलं. गाडी हलकी दिसते, तरुणांना आवडते, असं कारण. तरुणांना आवडायची, पण पैसे वडील भरायचे, आणि वडिलांना डबल स्टँड हवा असायचा. सुरिंदरजींचा धंदा या दोघांच्या मधल्या जागेत उभा होता.

आमच्या पाकिटात स्टँड, त्याचा आडवा बोल्ट, नट, वॉशर, स्प्रिंग आणि माझं पत्रक असे. 'घरच्या घरी बसवा' असं पाकिटावर ठळक छापलेलं. ही ओळ माझी नव्हे.

काम अवघड नाही. गाडी पक्क्या आधारावर उभी करायची. फ्रेमच्या खालच्या कानांत, म्हणजे भोकं पाडलेल्या दोन पट्ट्यांत, स्टँड धरायचा, बोल्टला ग्रीस लावून आरपार घालायचा, नट लावायचा. शेवटी स्प्रिंग. स्प्रिंग ताणून अडकवायला जोर लागतो, म्हणून जाड दोरीचा फास करून ओढायची, पकडीने नाही. पत्रकात हे सगळं क्रमाने होतं आणि 'स्प्रिंग शेवटी' हे शब्द चौकटीत होते.

सेक्टर २२ मधल्या एका कापडवाल्याने स्प्रिंग आधी लावली. पकडीने. ती सुटून शेजारच्या स्वयंपाकघराच्या जाळीतून आत गेली.

"पत्रक वाचलं होतंत?" मी हिंदीत विचारलं.

"पर्चा? वो तो जी मिसेज़ ने अलमारी के ख़ाने में बिछा दिया. काग़ज़ बड़ा अच्छा था."

विद्यापीठातल्या एका मराठी प्राध्यापकांनी गाडीचा मागचा भाग पलंगाच्या नवारीने व्हरांड्याच्या गजाला टांगला आणि मग फोन करून विचारलं, "आता पुढे काय?" मी म्हटलं, "आधी खाली उतरवा." ते म्हणाले, "तेच विचारतोय." निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी पत्रक शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं, इंग्रजी मजकुरातले स्वल्पविराम तांबड्या शाईने दुरुस्त करून पाठवलं, आणि खाली लिहिलं की त्यांच्याकडे स्कूटर आहे.

या सगळ्यांचा वैताग यायचा, पण तो पचायचा. जो पचला नाही तो वेगळा.

सेंटर स्टँडच्या बोल्टचं एक वैशिष्ट्य आहे. त्याचा नट पूर्ण आवळायचा नसतो. स्टँड त्या बोल्टभोवती फिरतो. नट गच्च आवळला तर फ्रेमचे कान स्टँडला चिमटीत धरतात, आणि स्प्रिंगला तो पूर्ण वर ओढता येत नाही. तो अर्धवट लोंबतो. गाडी सरळ जाते तोवर कळतही नाही. वळणावर झुकली की स्टँडचा पाय रस्त्याला टेकतो आणि मागचं चाक उचललं जातं. चंडीगडमध्ये दर थोड्या अंतरावर गोल चौक आहे. म्हणजे झुकायची वेळ सारखी येते.

नट थोडा सैल ठेवायचा तर तो गळून पडू नये, म्हणून बोल्टच्या टोकाला भोक असतं. त्यात स्प्लिट पिन घालून तिचे पाय फाकवायचे. केसात लावायच्या आकड्यासारखी ही पिन. मी पत्रकात लिहिलं होतं: 'नट हलकेच सैल ठेवा. पिन घाला.'

२००३ च्या उन्हाळ्यानंतर पिन पाकिटात येईनाशी झाली. पुरवठादार बदलला, त्याने दिली नाही, कोणी मागितली नाही. मला हे गिऱ्हाइकांकडून कळलं. मी सुरिंदरजींकडे गेलो.

"पत्रकात पिन आहे, पाकिटात नाही."

"तो पर्चे से निकाल दो."

"पर्चा छापून झालाय. गोदामात गठ्ठे आहेत."

"तो रहने दो. कौन पढ़ता है, दातार जी? आप ही तो रोज़ कहते हो, कोई नहीं पढ़ता."

हे मीच म्हणत असे, हे खरं होतं. त्यानंतर मी दर फोनवर सांगू लागलो: पिन हार्डवेअरच्या दुकानातून घ्या. पण ज्याने फोन केला त्यालाच ते कळणार. जे कधीच फोन करत नाहीत त्यांची संख्या कुठल्याही धंद्यात मोठी असते.

पाटणकरांचा फोन इंग्रजीत सुरू झाला. आवाज शांत, वाक्यं पूर्ण. मी नाव सांगितल्यावर ते मराठीवर आले.

"दातार म्हणजे मराठी?"

"हो. मिरजेचा."

"आम्ही साताऱ्याचे. बरं झालं. मग मराठीतच भांडू. तुमच्या पत्रकात स्प्लिट पिन आहे आणि पाकिटात नाही. हा काय प्रकार आहे?"

मी दिलगिरी व्यक्त केली. पिन कुठे मिळेल ते सांगू लागलो.

"ते राहू दे. मी सोय केलीय. नट फुल टाइट केला आणि भोकातून लॉक वायर ओवून पीळ दिलाय. आता तो या जन्मात सुटत नाही."

लॉक वायर म्हणजे विमानाच्या नटबोल्टांना बांधतात ती बारीक, मजबूत तार. नट हलू पाहील तर तार त्याला उलट आवळण्याच्या दिशेला ओढते. विमानाच्या इंजिनावर सैल नट ठेवणाऱ्या माणसाचं काय होतं हे पाटणकरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांची सगळी नोकरी असे नट शोधण्यात गेली होती.

"साहेब, पत्रकात नट सैल ठेवा असं आहे."

"पिन घालायची असेल तर सैल. पिन दिलीत का? नाही. मग सैल ठेवायचं कारणच संपलं. मी काय म्हणतोय ते कळतंय ना?"

कळत होतं. त्यांच्या बाजूने ते चोख होतं. पिन नसलेला नट त्यांच्या हाताला सैल ठेवता येणं शक्य नव्हतं.

"गाडी स्टँडवरून उतरवल्यावर स्टँड झटकन वर जातो का?"

"जरा जड आहे. नवीन आहे, सेट होईल."

"गाडी कुठे आहे आता?"

"पोरगा घेऊन गेला. सेक्टर ६७ ला, इन्स्टिट्यूटमध्ये. फार्मसीचं करतोय. माझी ईशान्येकडे बदली झालीय, या आठवड्यात निघायचंय. तो हॉस्टेलवर राहणार. तिथं शेडमध्ये कच्ची जमीन आहे, साइड स्टँड रुततो, गाडी दोनदा पडलीय. म्हणून जायच्या आधी हे करून ठेवलं."

मी त्यांना चिमटीत धरलेल्या स्टँडबद्दल सांगितलं. वळणाबद्दल सांगितलं. ते ऐकत होते, पण पटवून घेत नव्हते.

"दातार, मी लढाऊ विमानं सोडलीयेत हवेत. मोटरसायकलचा एक स्टँड..."

तेवढ्यात फोनवर बाईंचा आवाज आला. त्यांनी रिसीव्हर घेतला होता.

"मी मिसेस पाटणकर बोलतेय. तुम्ही त्यांना काय सांगताय ते मला सांगा. साध्या शब्दांत. पोराला काही होईल का?"

"वळणावर गाडी झुकवली तर स्टँड टेकू शकतो."

"टेकला की?"

"पडू शकतो."

"मग एवढा वेळ साताऱ्याच्या आणि मिरजेच्या गप्पा काय मारताय दोघं?" त्या म्हणाल्या, आणि मग रिसीव्हरवर हात न ठेवता, "अहो, शर्ट घाला."

निखिलकडे मोबाइल होता, पण प्रयोगशाळेत तो बंद ठेवावा लागे. इन्स्टिट्यूटच्या कचेरीत बाईंनी फोन केला. तिथल्या माणसाने सांगितलं, प्रॅक्टिकल चालू आहे, निरोप देता येणार नाही, इमर्जन्सी असेल तर बोला. बाई म्हणाल्या, इमर्जन्सीच आहे. त्याने विचारलं, काय झालंय? बाईंना सांगता येईना. अजून काही झालेलं नव्हतं.

मी सुरिंदरजींकडे कारखान्याची गाडी आणि एक फिटर मागितला.

"तार बाँध दी ना उसने? एयर फ़ोर्स वाला है? फिर तो हमसे पक्का बाँधा होगा."

"तेच तर बिघडलंय."

"दातार जी, एक बात बताओ. कोई गिरा है?"

"नाही."

"तो?"

मी पाना, पक्कड आणि ग्रीसचा डबा घेऊन माझ्या स्कूटरवर मोहालीला, निखिलच्या इन्स्टिट्यूटकडे निघालो.

पाटणकर माझ्या आधी पोचले होते. गेटजवळ, पाठ ताठ ठेवून, शेडमधल्या गाड्यांच्या रांगेकडे बघत उभे होते. आम्ही हात मिळवले. ते म्हणाले, "गाडी नाही इथे."

थोड्या वेळाने निखिल ॲप्रन घातलेलाच बाहेर आला. वडिलांना बघून थबकला.

"पापा? आप यहाँ? सब ठीक?"

"गाडी कुठाय?"

"हरप्रीत ले गया. सेक्टर बाईस में काम था उसको, बस की टिकट."

"दुसऱ्याला दिलीस?"

"यार पापा, लॅब पार्टनर है मेरा."

मी विचारलं, येताना स्टँड कसा वाटला.

"मोड़ पे खर-खर आवाज़ आ रही थी. सुबह से. मैंने सोचा नया है, घिस के बैठ जाएगा."

पाटणकरांनी माझ्याकडे बघितलं नाही.

हरप्रीतकडे मोबाइल नव्हता. निखिलचा स्वतःचा आत प्रयोगशाळेत राहिला होता, म्हणून त्याने मित्राच्या फोनवरून घरी कळवलं. बाईंचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "तू बरा आहेस ना? मग गाडी कोण चालवतंय?" निखिलने सांगितलं. "त्याच्या आईला माहितेय का?" निखिल म्हणाला, मम्मी, अभी क्या बताऊँ उनको. बाई म्हणाल्या, "रस्त्यावर जाऊन उभा राहा. दिसला की थांबव. कोणाचं का असेना, पोरच आहे ते."

आम्ही तिघे रस्त्यावर उभे राहिलो. येणारी प्रत्येक काळी मोटरसायकल जवळ येईपर्यंत हरप्रीतची वाटे. थंडीचं ऊन होतं. पाटणकर माझ्याकडे वळले.

"पिन नव्हती तर पत्रकात तसं का लिहिलं नाहीत?"

"मालकांना सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. पण पाकीट गेलंच ना बाहेर. आमच्याकडे एक वॉशर कमी असेल तर विमान हलत नाही."

"तुमच्याकडे विमान सरकारचं असतं, साहेब."

"आणि इथे?"

"इथे गाडी गिऱ्हाइकाची."

त्यांनी जवळ आलेली एक मोटरसायकल निरखून जाऊ दिली. मग म्हणाले, "तार ओवताना एकदा वाटलं होतं, स्टँड जड का जातोय. पण सैल नट सोडून मला तिथून उठता आलं नसतं. रात्री झोप आली नसती."

निखिल म्हणाला, "पापा, वो स्लो चलाता है. टेंशन मत लो."

गेटवरचा पहारेकरी रस्ता ओलांडून आला तेव्हा त्याच्या हातात चिठोरा होता. "निखिल कौन है? बत्तीस वाले हस्पताल से फ़ोन था. कोई लड़का गिर गया है. बात कर रहा है, घबराने का नहीं बोला."

सेक्टर ३२ च्या सरकारी रुग्णालयात, तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर हरप्रीत बसला होता. उंच, सडपातळ मुलगा. उजवा हात गळ्यातल्या पट्टीत, पगडीच्या एका बाजूला माती. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी कोपर धुऊन पट्टी बांधली होती. तिकीट काढून परत येताना, एका चौकात वळताना खाली काहीतरी घासलं आणि गाडी हातातून गेली, असं त्याने सांगितलं. मागून येणाऱ्या दूधवाल्याने वेळेत ब्रेक लावला. त्यानेच त्याला इथे आणलं.

"अंकल, स्टैंड आपने बड़ा मज़बूत लगाया है," तो पाटणकरांना म्हणाला. "गाड़ी उस पे खड़ी हो गई. मैं नहीं हो पाया."

निखिल हसला. पाटणकर हसले नाहीत. त्यांनी हरप्रीतच्या निरोगी खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग त्याच्याकडून घरचा नंबर घेतला, रुग्णालयाबाहेरच्या बूथवर गेले आणि त्याच्या वडिलांशी स्वतः बोलले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बोलताना ते सरळ उभे होते, एवढं दिसलं.

निखिलला हरप्रीतजवळ ठेवून आम्ही चौकात गेलो. मोटरसायकल रस्त्याकडेला, दिव्याच्या खांबाला टेकवलेली होती. स्टँडचा उजवा पाय घासून चकाकत होता. तार जशीच्या तशी होती, पीळही सुटला नव्हता. मी पक्कड पुढे केली. पाटणकरांनी ती घेतली, उकिडवे बसले, तार कापली, आणि पान्याने नट थोडासा मागे आणला. स्टँड खाडकन वर गेला. त्यांनी तो पायाने खाली दाबला, सोडला. पुन्हा वर गेला. पुन्हा दाबला. असं ते किती तरी वेळ करत राहिले.

मग खिशातून तारेचा नवा तुकडा काढून त्यांनी तो भोकातून ओवला. या वेळी नट सैलच ठेवून.

"पत्रक बरोबर होतं तुमचं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुरिंदरजींच्या टेबलासमोर उभा होतो. त्यांनी आधी मुलाची चौकशी केली, मनापासून केली. हाड जुळेल म्हटल्यावर दोन्ही हात जोडले. "शुक्र है रब दा."

"आणि पिन?"

"अगले लॉट से डालेंगे. पक्का."

"गोदामात आहेत त्यांचं काय? दुकानांत गेलेत त्यांचं काय?"

"दातार जी, अख़बार में आप ग़लती करते थे, अगले दिन सुधार छाप देते थे. मेरा कौन सा अख़बार है? मैं किस पन्ने पे छापूँ?"

उत्तर अर्ध्या तासाने गणवेशात आलं. पाटणकर आत आले तेव्हा सुरिंदरजी खुर्चीतून उठले आणि चहा मागवला. पाटणकरांनी चहा घेतला नाही. त्यांनी टेबलावर पिनांचं पुडकं ठेवलं. हार्डवेअरच्या दुकानातून त्यांनी ते विकत आणलं होतं.

"मी परवा जाणार आहे," ते हिंदीत म्हणाले. "आजचा दिवस माझ्याकडे आहे. गोदाम कुठे आहे?"

सुरिंदरजींनी माझ्याकडे बघितलं, पुडक्याकडे बघितलं आणि चाव्या काढल्या. दुपारपर्यंत गोदामातलं प्रत्येक पाकीट उघडून, आत पिन टाकून, पुन्हा बंद झालं. पाटणकर पाकीट बंद करण्याआधी प्रत्येक नटाला बोट लावून बघत. त्याची गरज नव्हती. कारखान्याचे कामगार त्यांना "साहब जी, हम कर लेंगे" म्हणत होते, आणि ते "हाँ, करो" म्हणून स्वतःही करत होते.

संध्याकाळी आम्ही चंडीगडच्या आणि मोहालीच्या दुकानांत फिरलो. सेक्टर २२ मधल्या दुकानदाराने न विकलेली पाकिटं काढून दिली. कोणाला विकलं ते त्याला आठवत नव्हतं. "गाहक का चेहरा कौन याद रखता है, बाऊजी? बाइक याद रहती है." त्याने काही बाइक सांगितल्या. त्यावरून माणसं सापडण्यासारखी नव्हती. एका गिऱ्हाइकाचा पत्ता मिळाला, त्याच्या घरी गेलो. त्याने स्टँड बसवलाच नव्हता. पाकीट माळ्यावर होतं. त्याने ते खाली काढायचे कष्टही घेतले नाहीत, आम्हीच चढलो.

पाटणकर ठरल्या दिवशी रेल्वेने गेले. हरप्रीतचा हात पुढे बरा झाला. निखिल हॉस्टेलवर राहिला, मोटरसायकल त्याच्याकडेच होती. सुरिंदरजींनी दिलेला शब्द पाळला. पुढच्या मालात पिन होती.

चंडीगडबाहेर माल घेणारा एकच मोठा दुकानदार होता, अंबाल्याचा. त्याच्याकडे दिवाळीआधी खोकी गेली होती. पाटणकर गेल्यानंतर मी त्याला फोन लावला. लाइन लागत नव्हती, मग लागली. मी सांगितलं, जी पाकिटं आधी आली आहेत ती विकू नका, परत पाठवा, आम्ही बदलून देतो.

त्याने सांगितलं, "वो सारा माल तो निकल गया जी. और भेजो."